बाळंतिणीची सोबत : सेवा आणि न्याय

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सत्रात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने या वर्षीच्या महिला-सत्रात चार शब्द बोलण्यासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी तिची ऋणी आहे. मी विदुषी नव्हे आणि सभा गाजविणारी वक्तीही नव्हे. आयुष्याची पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून प्रसूतिकक्षात गेली. तेथे जे पाहिले आणि त्या अनुषंगाने पुढे जे वाचले, तेच आपणापुढे ठेवणार आहे. कार्यक्रमपत्रिकेवर ‘बाळंतिणीची सोबत’ हा विषय छापलेला पाहून काहींना तो या व्यासपीठासाठी अंमळ खाजगी वाटला असेल. बाळंतपण ही माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीतील गोष्ट. तिचा ज्ञातिसंमेलनाशी संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घटनेपासून प्रत्येक कुळाची आणि प्रत्येक ज्ञातीची सुरुवात होते, तीच घटना चारचौघांत बोलण्यास आपल्याला अवघड वाटावी, हे आपल्या विचारातील एका उणिवेचे लक्षण आहे. वंशावळीत आपण पुरुषांची नावे लिहितो. ज्या खाटेवर तो वंश जन्मास आला, त्या खाटेशेजारी कोण बसले होते, याची नोंद कोणत्याही वंशावळीत नसते.

आज मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : कळा देणाऱ्या स्त्रीजवळ विश्वासाचे माणूस बसलेले असणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो तिचा हक्क आहे. आणि ज्या समाजात हा हक्क जात, पैसा व अब्रू पाहून वाटला जातो, तेथे सोबत करणे हे नुसते पुण्यकर्म राहत नाही. ते न्यायाचे काम होते.

या कामास पाश्चात्त्य देशांत अलीकडे एक स्वतंत्र नाव मिळाले आहे. तेथे अशा सोबतिणीस ‘डूला’ म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ दासी असा होतो. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७३ मध्ये स्तनपानावरील आपल्या ग्रंथात तो शब्द नव्या मातेला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी योजिला आणि तेथून तो रूढ झाला. डूला ही डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे, सुईणही नव्हे. ती नाडी पाहत नाही, औषध देत नाही, नाळ कापीत नाही. ती कळांच्या वेळी पाठ चोळते, घोटभर पाणी पाजते, उठवून चार पावले चालविते, काय चालले आहे ते समजावून सांगते आणि मुख्य म्हणजे बाईला सोडून जात नाही. परिचारिकेची पाळी संपते, डॉक्टरांना दुसऱ्या खाटेकडे जावे लागते. सोबतीण मात्र मूल होईपर्यंत तेथेच असते.

एवढ्याशा गोष्टीने काय साधते, असे कोणी विचारील. हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला होता. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशाच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याचे उत्तर शोधले. तेथे प्रसूतीच्या वेळी नातेवाइकांना आत येऊ देण्याची पद्धत नव्हती; बाई एकटीच कळा देत पडलेली असे. प्रथमच बाळंत होणाऱ्या काही स्त्रियांजवळ त्यांनी एक अनोळखी, वैद्यकाचे शिक्षण नसलेली स्त्री बसविली. तिने फक्त हात धरावा, पाठ चोळावी आणि बोलत राहावे. १९८० मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची प्रसूती निर्विघ्न झाली अशा स्त्रियांची तुलना केली असता, सोबत लाभलेल्या स्त्रीस रुग्णालयात आल्यापासून मूल होईपर्यंत सरासरी ८.८ तास लागले. एकटीने कळा देणाऱ्या स्त्रीस १९.३ तास लागले. हा प्रयोग लहान होता हे खरे. म्हणून पुढे अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी, गोरगरिबांची प्रसूती जेथे होई अशा सार्वजनिक रुग्णालयात तो मोठ्या प्रमाणावर केला गेला. १९९१ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सोबत नसलेल्या स्त्रियांत पोट चिरून मूल काढण्याचे प्रमाण १८ टक्के होते. सोबत असलेल्यांत ते ८ टक्के झाले. या प्रयोगातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. तिसऱ्या एका गटात एक निरीक्षक स्त्री खोलीत दूर बसून नुसत्या नोंदी घेत असे. ती बाळंतिणीशी चकार शब्दही बोलत नसे. त्या गटातही हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले. दुसरे एक माणूस खोलीत आहे आणि ते पाहत आहे, एवढ्यानेही फरक पडला!

२०१७ मध्ये अशा सर्व प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात १७ देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती काहीशी लवकर होते, शस्त्रक्रिया व वेदनाशामक औषधे कमी लागतात आणि त्या अनुभवाची कटू आठवण मागे राहण्याचा संभव कमी होतो, असा त्याचा सारांश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येक स्त्रीस प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीची सोबत असावी अशी शिफारस केली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना जे अनुभवाने ठाऊक होते, त्याला शास्त्राचीही मोहोर लाभली.

येथवरचे विवेचन सेवेचे झाले. आता न्यायाकडे वळू.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त केले, त्यांना अर्पण केला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तेथील दास्य आणि येथील जातिभेद यांतील साम्य महाराष्ट्राने इतक्या पूर्वी ओळखले होते. त्याच कृष्णवर्णीय स्त्रियांची कहाणी आज मला आपणांस सांगावयाची आहे. कारण सोबतिणीच्या कामाला न्यायाची धार त्यांनी दिली.

दास्याच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या स्त्रियांबरोबर त्यांची सुईणपणाची विद्याही अमेरिकेत आली. दक्षिणेकडील राज्यांत या वृद्ध सुइणी काळ्या स्त्रियांची बाळंतपणे करीत आणि गोऱ्या मालकिणींचीही करीत. मात्र ज्या हातांवर विश्वास, त्या हातांच्या धनिणीला स्वतःच्या देहावर अधिकार नव्हता. १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स नावाच्या शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुनःपुन्हा शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. त्यांपैकी ॲनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीन नावे इतिहासात उरली आहेत. सिम्स यांची ‘स्त्रीरोगशास्त्राचे जनक’ म्हणून ख्याती झाली; न्यूयॉर्कच्या उद्यानातील त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला. दास्य कायद्याने संपले, तरी देहावरील परका हक्क संपला नाही. नागरी हक्कांच्या चळवळीत पुढे विख्यात झालेल्या फॅनी लू हेमर १९६१ मध्ये मिसिसिपीत एका लहान शस्त्रक्रियेसाठी गेल्या असता, त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशयच काढून टाकण्यात आले.

सुइणींचे काय झाले? १९२१ च्या एका कायद्यान्वये अमेरिकेत माता-बालकांसाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला. सुइणींची नोंदणी आणि शिक्षण सुरू झाले. १९५३ मध्ये जॉर्जिया राज्याच्या आरोग्यखात्यासाठी ‘ऑल माय बेबीज’ नावाचा एक बोधपट निघाला. त्यात मेरी कोली ही कृष्णवर्णीय सुईण स्वतःचेच काम किती स्वच्छतेने व मायेने करते ते दाखविले आहे. परंतु पुढे रुग्णालये वाढली, तसतसे या स्त्रियांचे परवाने काढून घेण्यात आले आणि त्यांची परंपरा जवळजवळ लोप पावली. आपल्याकडे म्हण आहे : गरज सरो, वैद्य मरो. तिचा प्रत्यय समुद्रापलीकडेही आला.

याचा परिणाम आजही दिसतो. अमेरिकेसारख्या संपन्न देशात २०२१ मध्ये दर एक लाख जन्मांमागे गौरवर्णीय मातांचे मृत्यू २६.६ होते, कृष्णवर्णीय मातांचे ६९.९ होते. सुशिक्षित, सुस्थितीतील कृष्णवर्णीय स्त्रीही या धोक्यातून सुटत नाही. तिने ‘मला श्वास घेता येत नाही’ असे सांगितले, तर ते ऐकून घेतले जाईलच याची शाश्वती नसते. रोग एक असतो. पण तक्रार कोणाच्या तोंडून आली यावर तिचे वजन ठरते.

जून १९९४ मध्ये शिकागो येथे बारा कृष्णवर्णीय स्त्रिया एकत्र जमल्या आणि त्यांनी या साऱ्या प्रश्नाला ‘प्रजनन-न्याय’ असे नाव दिले. त्याच वर्षी कैरो येथे लोकसंख्येविषयीची जागतिक परिषद भरावयाची होती. त्यांचे म्हणणे असे, की मूल नको असल्यास ते न होऊ देण्याचा हक्क, मूल हवे असल्यास ते होऊ देण्याचा हक्क आणि झालेले मूल सुरक्षित व निरोगी परिस्थितीत वाढविण्याचा हक्क हे तिन्ही मिळून एकच आहेत. ज्या स्त्रीपाशी पैसा नाही, वाहन नाही, रजा नाही आणि पाठीशी कोणी नाही, तिला कायद्याने निवड दिली तरी ती निवड कागदावरच राहते. १९९७ मध्ये सोळा संघटना मिळून ‘सिस्टरसाँग’ ही संस्था उभी राहिली आणि हा विचार देशभर पसरला.

या विचारातून डूलांच्या कामाने नवे वळण घेतले. प्रारंभी हे काम बहुतांशी सुखवस्तू, गोऱ्या, विवाहित स्त्रियांपुरते होते. पैसे मोजणाऱ्या घरी सोबतीण जाई. काही तरुण कार्यकर्त्यांनी विचारले, की जिला सोबतीची गरज सर्वांत अधिक, तिच्यापाशी आपण का जात नाही? २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक मंडळ निघाले. त्यातील सोबतिणी प्रसूतीबरोबरच गर्भपाताच्या आणि गर्भ गळून गेल्याच्या प्रसंगीही स्त्रीजवळ बसू लागल्या. २०१० मध्ये मिनेसोटा राज्यातील स्त्रियांच्या तुरुंगात सोबतिणी जाऊ लागल्या. कैदी स्त्रीला कळा सुरू झाल्या, तरी हातापायांत बेड्या घालण्याची रीत अमेरिकेत अनेक ठिकाणी होती. मिनेसोटाने २०१४ मध्ये कायदा करून गरोदर कैदिणीला बेड्या घालण्यावर निर्बंध आणले आणि तिला सोबतिणीची मुभा दिली. २०२१ मध्ये त्याच राज्याने आणखी एक पाऊल टाकले : गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या कैदिणींना बाळासह तुरुंगाबाहेर राहून शिक्षा भोगता यावी अशी तरतूद केली. जी गोष्ट हात धरून बसण्यापासून सुरू झाली, ती कायदा बदलण्यापर्यंत गेली. आता कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतून सोबतिणीचा मोबदला दिला जातो. कॅलिफोर्नियात ही सोय जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. शब्दातील दास्याचा वास सलतो म्हणून काही कृष्णवर्णीय कार्यकर्त्या स्वतःला डूला म्हणवून घेत नाहीत. ‘जन्मकार्य करणाऱ्या’ असे म्हणवून घेतात. त्यांची ही सावधगिरी आपण ध्यानात घेतली पाहिजे. कारण दासीपणाचा आणि बाळंतपणाचा संबंध आपल्यालाही अपरिचित नाही.

भगिनींनो, आता आपल्या घरात डोकावून पाहू. बाळंतविडा, शेकशेगडी, बाळंतशोपा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पाचवीची पूजा : बाळंतिणीचे कौतुक करणारी सामग्री आपल्या संस्कृतीत विपुल आहे. परंतु हे कौतुक मूल झाल्यानंतरचे आहे. प्रत्यक्ष कळांच्या वेळी, रक्त आणि घाण यांच्यामध्ये, तिच्याजवळ कोण होते? अनेक गावांत सुईणपण ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्या समाजांतील स्त्रियांकडे होते. नाळ कापणे आणि वार पुरणे ही कामे ‘विटाळाची’ म्हणून त्यांच्या वाट्याला आली. ज्या हाताने बाळाला प्रथम स्पर्श केला, त्या हाताचे पाणी पुढे त्या घरात चालत नसे. सोयर फिटली की सुईण उंबऱ्याबाहेर! तिला सुपातून धान्य मिळे, जुने लुगडे मिळे. मान मात्र मिळत नसे. अमेरिकेतील वृद्ध सुइणींची आणि आपल्या सुइणींची दैवगती किती सारखी आहे, हे निराळे सांगावयास नको.

याच भूमीत या अन्यायाचे उत्तरही दिले गेले. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी आपल्या घरी बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, निर्भयपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी व्यवस्था होती. त्या काळी उच्चवर्णीय विधवेस रूढीने पुनर्विवाहाची मुभा नव्हती आणि गरोदर राहिल्यास तिच्यापुढे विहीर किंवा बालहत्या एवढेच दोन मार्ग उरत. ज्यांना उच्चवर्णीय शूद्र म्हणत, त्या कुळातील सावित्रीबाईंनी त्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे निभावली. १८७४ मध्ये तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर यशवंत फुले झाला. सोबतीण कोणाची जात विचारीत नाही, लग्न झाले आहे का हेही विचारीत नाही, हा धडा शिकागोच्या बैठकीपूर्वी १३१ वर्षे पुण्यात घालून दिला गेला होता.

त्यानंतर वीस वर्षांनी कल्याणची एक मुलगी अमेरिकेस गेली. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन दगावले. तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याची जिद्द निर्माण झाली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्याच महाविद्यालयातून १८६७ मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर झाली होती. एका संस्थेच्या एकाच दारातून या दोघी बाहेर पडल्या. दोन्ही समाजांतील स्त्रियांचे प्रश्न एका कुळातले आहेत, हे सांगावयास याहून बोलका दाखला कोणता हवा?

आज आपली स्थिती काय आहे? रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण देशात २००५–०६ मध्ये ३८.७ टक्के होते. २०१९–२१ मध्ये ते ८८.६ टक्के झाले. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेचा आणि गावोगावच्या आशा-कार्यकर्त्यांचा यात मोठा वाटा आहे. मातामृत्यू लक्षणीय कमी झाले. २०१८–२० मध्ये ते महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे ३३ होते. हे मोठे यश आहे आणि घरच्या अंधाऱ्या खोलीकडे परत चला असे मी मुळीच म्हणत नाही. रक्तस्राव थांबवावयास नुसती माया पुरत नाही. तेथे डॉक्टर, रक्त आणि शस्त्रक्रियागृहच पाहिजे. परंतु रुग्णालयात पोचलेली स्त्री सुरक्षित झाली म्हणजे ती सन्मानाने वागविली गेली असे नव्हे.

माझ्या नोकरीच्या काळात एक गोष्ट मी नित्य पाहिली. ज्या बाईचा नवरा ओळखीचा, तिच्या आईला आत येण्याची मुभा मिळे. पालावरून आलेल्या बाईची आई व्हरांड्यातील बाकावर बसून राही. तिला मुलीचे ओरडणे ऐकू येई, पण आत पाऊल टाकता येत नसे. आत त्या मुलीला जी भाषा ऐकावी लागे, ती या सभेत उच्चारण्यासारखी नाही. तिसरी मुलगी झाली असे कळताच कुलूप लागावे तशी जिची वाचा बंद झाली, अशा बायाही मी पाहिल्या. त्यांच्याजवळ त्या घटकेला कोणी नसे. दुसरीकडे खाजगी रुग्णालयांतील निराळे चित्र पाहा. २०१९–२१ च्या पाहणीनुसार तेथील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. गरिबाकडे कोणी पाहत नाही आणि श्रीमंताला कोणी समजावून सांगत नाही. दोन्हीकडे बाईचे म्हणणे ऐकणारे माणूसच नाही.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-सोबतिणीस प्रवेश द्यावा अशी सूचना काढली आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ या कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतीचा आग्रह धरला. सूचना उत्तम आहे. पण प्रसूतिकक्षात पडदे नसतील, दोन खाटांत वावभर अंतर नसेल आणि नातलगांना हा हक्क ठाऊकच नसेल, तर सूचना फलकावरच राहते. हक्क मागावयास माहीतगार माणूस बरोबर असावे लागते.

आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत न पोचणाऱ्यांचे काय? ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो. गरोदर बाई नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहते आणि कोपीतच बाळंत होते. काम बुडू नये म्हणून बीड जिल्ह्यातील कितीतरी तरुण स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे वृत्त २०१९ मध्ये गाजले. राज्य सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. मिसिसिपीतील १९६१ ची घटना आणि ही घटना यांत मला फारसे अंतर दिसत नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूतिलाभाच्या विधेयकाचे समर्थन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे प्रतिपादिले होते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला आणि कारखान्यातील कामकरी स्त्रीला त्याचा आधार मिळाला. उसाच्या फडातील स्त्री अद्याप त्याची वाट पाहत आहे.

आता यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा थोडा विचार करू. कोणी म्हणतात, बाहेरची बाई आत आली की डॉक्टरांच्या कामात अडथळा येतो. माझा अनुभव उलट आहे. घाबरलेल्या बाईला आवरण्यात परिचारिकेचा जो वेळ जातो, तो सोबतीण वाचविते. अर्थात सोबतिणीने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. तिने औषध सुचवू नये, अंगाऱ्या-धुपाऱ्याचा आग्रह धरू नये, धोक्याच्या खुणा दिसताच बाजूला व्हावे. यासाठीच शिक्षण हवे. दुसरा आक्षेप असा, की हे काम घरच्या बायकांचे आहे. त्यासाठी मोबदला कशाला? यावर माझे उत्तर एवढेच, की ज्या कामास आपण अमोल म्हणतो, ते बहुधा फुकट करून घेतो. आशा-कार्यकर्ती रात्री-अपरात्री बाईला घेऊन धावते आणि तिला मुख्यत्वे कामागणिक मोबदल्यावर भागवावे लागते. आता शहरांत डूलांचे वर्ग निघाले आहेत, तेथे शुल्क भरून सुशिक्षित स्त्रिया हे शिकतात. ते चांगलेच आहे. परंतु ज्या समाजांतील स्त्रियांनी शतकानुशतके ही विद्या जपली, त्यांच्या मुली-नातींना या नव्या धंद्यात स्थान नसेल, तर आपण विटाळ त्यांना दिला आणि प्रतिष्ठा आपण घेतली, असा त्याचा अर्थ होईल.

तिसरा आक्षेप या सभागृहातला आहे आणि तो मी मोकळेपणाने बोलून दाखविते. आपल्या मंडळाचा एक प्रसूति-साहाय्य निधी आहे. तो ज्यांनी उभारला त्यांच्या औदार्याविषयी मला नितांत आदर आहे. त्याच्या नियमांत ‘ज्ञातीतील विवाहित भगिनी’ असे शब्द आहेत. ज्ञातीचा पैसा ज्ञातीसाठी, हे तत्त्व ऐकावयास रास्त वाटते. पण ज्ञाति म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्यापैकी प्रत्येकाची नाळ कोणीतरी कापली आहे. ज्यांनी कापली, त्या स्त्रियांपैकी बहुतेक आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. त्यांनी आपल्या दारी येताना जात पाहिली नाही. आपण मात्र त्यांना पाठवणी देताना पाहिली. हे जुने ऋण आहे आणि ते फेडण्याची संधी आज आपल्यापुढे आली आहे. शिवाय आपल्याच ज्ञातीतील जी मुलगी विवाहित नाही, जिचे मूल पोटातच गेले, किंवा जिने विचारपूर्वक गर्भपाताचा निर्णय घेतला, तीही या नियमाने बाहेर राहते. गर्भपाताचा कायदा आपल्या देशात १९७१ पासून आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीसही विवाहितेइतकाच त्याचा लाभ दिला. न्यायालयाने जो भेद पुसला, तो आपल्या निधीने जपून ठेवावा हे शोभत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी नम्रपणे तीन सूचना ठेवते. पहिली : निधीच्या नियमांतील ‘ज्ञातीतील विवाहित’ हे शब्द काढून त्या जागी ‘गरजू स्त्री’ एवढेच शब्द घालावेत. दुसरी : मंडळाने दरवर्षी काही स्त्रियांना सोबतिणीचे शिक्षण द्यावे, त्यांत सुईणपण ज्यांच्या घरी चालत आले त्या वस्त्यांतील स्त्रियांना अग्रक्रम असावा आणि प्रत्येक सोबतीस ठरलेला मोबदला निधीतून मिळावा. तिसरी : जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना भेटून प्रसूतिकक्षात पडदे आणि सोबतिणीसाठी एकेक स्टूल मंडळाने द्यावे. गुणवंत विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी पदके देतो. त्यांतील दोन पदकांच्या किमतीत हे काम होण्याजोगे आहे.

कोणी म्हणेल, पडदे आणि स्टूल यांत सामाजिक न्याय कसला? माझे उत्तर असे, की अन्याय नेहमी मोठ्या शब्दांत वावरत नाही. तो बहुधा अशाच लहान गोष्टींत असतो : कोणाच्या आईला आत बोलाविले आणि कोणाच्या आईला बाकावर बसविले, कोणाची तक्रार लिहून घेतली आणि कोणाची उडवून लावली. न्यायाची सुरुवातही तेथूनच करावी लागते.

येथे जमलेल्या प्रत्येक भगिनीस, विशेषतः ज्यांची मुले मोठी झाली आहेत आणि दुपारचा वेळ मोकळा आहे अशांना, माझी विनंती आहे. महिन्यातून दोन रात्री या कामाला द्या. कोणाच्या तरी अनोळखी मुलीचा हात धरून बसा. ती कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या जातीची, हे विचारू नका. पाणी हवे का, एवढेच विचारा.

  या तीन सूचनांवर येत्या सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावी अशी अध्यक्षमहाराजांना विनंती करते.